‘असली’ पुस्तके आणि नकली टीका

‘असली पुस्तके’ हा आपल्या सुशिक्षित मराठी घरांतला एक खास शब्दप्रयोग आहे. ‘‘असली पुस्तके वाचतेस?’’ हा प्रश्न ज्या मुलीने एकदाही ऐकला नाही अशी वाचणारी मुलगी शोधून सापडायची नाही. विचारणारा कधी मामा असतो, कधी मास्तर, कधी ग्रंथालयाच्या टेबलामागे बसलेला सद्गृहस्थ. ‘असली’ हा शब्द उच्चारताना नाक किंचित वर जाते. मुलगी गप्प बसते, पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालते आणि वाचन चालूच ठेवते. ती पुढे बाई होते, आई होते, आजी होते. पण त्या पुस्तकांची नावे चारचौघांत घ्यायची नसतात हा धडा तिच्या अंगात कायमचा मुरलेला असतो.

असली म्हणजे कसली? तर प्रेमाच्या गोष्टींची. इंग्रजीत मिल्स अँड बून, मराठीत चंद्रकांत काकोडकर आणि त्यांच्या वाटेने गेलेले इतर. आता माझा प्रश्न नाक वर करणाऱ्यांना आहे. यातले एक तरी पुस्तक आपण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे काय? वाचून नावे ठेवली असतील तर माझे काही म्हणणे नाही. पण बहुतेकांनी वाचलेले नसते. ‘‘त्यात वाचायचे काय? सगळी सारखीच!’’ हे वाक्य काहीही न वाचता म्हणता येते, हीच त्याची मोठी सोय आहे. या एका वाक्याचे पितळ उघडे पाडावे म्हणून आज एका अमेरिकन लेखिकेची हकिकत सांगतो. आपल्या घरचा मुद्दा शेवटी येईलच.

बाईंचे नाव नोरा रॉबर्ट्स. जन्म १९५० चा, मेरीलँड राज्यातला, चार भावांच्या पाठीवरची धाकटी. शाळा संपली तसे लग्न झाले आणि पदरात दोन मुलगे आले. १९७९ च्या फेब्रुवारीत तिकडे मोठे हिमवादळ झाले. रस्ते बंद, शाळा बंद, घरात दोन लहान मुले आणि संपत आलेले चॉकलेट! जीव रमवायला म्हणून बाईंनी वही आणि पेन्सिल घेतली आणि गोष्ट लिहायला बसल्या. मुले दुपारची झोपली की हार्लेक्विन कंपनीच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडायचा ही त्यांची आधीपासूनची सवय. म्हणजे लेखिका होण्याआधी त्या पक्क्या वाचक होत्या. हे महत्त्वाचे आहे.

हार्लेक्विन ही १९४९ साली सुरू झालेली कॅनडातली कंपनी. लंडनची मिल्स अँड बून त्याहून जुनी, १९०८ ची. मिल्स अँड बूनची प्रेमकथानके हार्लेक्विन तिकडे छापू लागली, खपू लागली आणि १९७१ साली तिने मिल्स अँड बूनच विकत घेतली. या पुस्तकांचा व्यवहार मासिकासारखा. दर महिन्याला ठरावीक संख्येने पुस्तके निघणार, प्रत्येकाला मालिकेतला क्रमांक, साधारण पन्नास-साठ हजार शब्द. महिना संपला की जुनी पुस्तके दुकानाच्या फळीवरून उतरणार, नवी चढणार. नायक-नायिका लवकर भेटल्याच पाहिजेत आणि शेवट गोड झालाच पाहिजे. इंग्रजीत याला ‘कॅटेगरी रोमान्स’ म्हणतात.

रॉबर्ट्सबाईंनी या हार्लेक्विनकडे हस्तलिखिते पाठवली आणि ती परत आली. कारण वाचण्यासारखे आहे. आमच्याकडे आमची अमेरिकन लेखिका आहे, असे त्यांना कळवण्यात आले. म्हणजे एक! पुस्तके विकत घेणाऱ्या बायका अमेरिकेत लाखांनी, लिहिणाऱ्या बहुतेक ब्रिटिश, आणि अमेरिकन बाई म्हणून एक भरली की कोटा संपला. या आधीच भरलेल्या जागेवरच्या लेखिका म्हणजे जॅनेट डेली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण बाजाराला लाज नसते आणि कधी कधी त्यातूनच न्याय होतो. हार्लेक्विनची पुस्तके अमेरिकेत वितरित करण्याचे काम सायमन अँड शुस्टरकडे होते. ते हार्लेक्विनने काढून घेतले. चिडलेल्या सायमन अँड शुस्टरने १९८० साली सिल्हूट नावाची आपलीच प्रेमकथांची मालिका काढली आणि हार्लेक्विनने दारातून परत पाठवलेल्या अमेरिकन बायकांना आत घेतले. १९८१ साली रॉबर्ट्सबाईंची पहिली कादंबरी ‘आयरिश थरोब्रेड’ सिल्हूटने छापली. १९८२ ते १९८४ या तीन वर्षांत त्याच प्रकाशनासाठी त्यांनी तेवीस कादंबऱ्या लिहिल्या. १९८४ साली हार्लेक्विनने सिल्हूटही विकत घेतली. ज्या बाईंना दारातून परत पाठवले त्यांची पुस्तके पैसे मोजून घरात आणावी लागली! पुढे त्या मोठ्या कादंबऱ्यांकडे वळल्या. लिहिण्याचा वेग प्रकाशकाला पेलवेना म्हणून १९९५ पासून जे. डी. रॉब या दुसऱ्या नावाने भविष्यकाळातल्या न्यूयॉर्कमधल्या पोलीसकथाही लिहू लागल्या. आज त्यांच्या कादंबऱ्या दोनशेच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत आणि छापलेल्या प्रतींची मोजदाद कोटींत होते.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप तयारच असतो: ‘‘तीन वर्षांत तेवीस? हे लेखन नव्हे, कारखाना आहे!’’

पहाटे उठून शेकडो पाव भाजणाऱ्या आपल्या पदेराला कुणी कधी सांगितले आहे काय, की बाबा रे, वर्षाला एकच पाव भाज, पण तो अभिजात असू दे? पाव चांगला की वाईट हे तो खाऊन ठरते, भट्टीतून किती निघाले यावरून ठरत नाही. रॉबर्ट्सबाई रोज सहा ते आठ तास लिहायला बसतात, नोकरीवर जावे तशा. हात आपोआप चालत नाही, कुणी भाडोत्री लेखक मागच्या खोलीत नसतो. आपल्याकडे लेखक म्हटला की त्याने प्रतिभेची वाट पाहत बसावे, वर्षानुवर्षे न लिहावे आणि न लिहिण्याबद्दल मुलाखती द्याव्यात अशी एक रीत पडली आहे. नेमाने काम करणाऱ्याविषयीचा आपला संशय हा मुळात श्रमाविषयीचा संशय आहे. त्यात काम करणारी बाई, तेही स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत, मुले झोपल्यावर! मग ते लेखन कसले, तो छंद. आणि छंदातून पैसे मिळाले तर तो धंदा. म्हणजे बाईने काय केले म्हणजे ते लेखन ठरेल?

दुसरा आक्षेप साच्याचा. ‘‘शेवट ठाऊक असतो, मग वाचायचे कशाला?’’

हा आक्षेप गोमंतकीय माणसाने घ्यावा याचे मला भारी नवल वाटते. आपल्या गावच्या जत्रेत, उत्सवात ‘संशयकल्लोळ’ किती वेळा उभे राहिले असेल? फाल्गुनराव आणि अश्विनशेट यांचे शेवटी काय होणार हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरी मंडप भरतो. दशावतारात शेवटी राक्षस मरणार हे ठाऊक नाही म्हणून का लोक रात्रभर जागतात? आणि गाणे? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीत जन्मल्या तिथल्या माणसाला हे सांगायला हवे काय, की बंदिश ठरलेली असते, राग ठरलेला असतो, सम कुठे येणार हेही ठरलेले असते? गवई समेवर कसा येतो हे पाहायला आपण बसतो. आला की ‘वाहवा’ करतो. आधीच ठाऊक होते म्हणून उठून जात नाही.

प्रेमकथेतला सुखान्त ही तिची सम आहे. ती येणार हे ठरलेले असते. वाचणारीला पाहायचे असते ते हे की या दोन माणसांच्या मधे जे आहे, मग तो अहंकार असो, आधीचा घाव असो, पैशाचा फरक असो, ते ही लेखिका कसे दूर करते. प्रामाणिकपणे करते की योगायोगाचा धक्का मारून करते? फरक इथेच असतो. तो वाचणाऱ्याला कळतो, न वाचणाऱ्याला कसा कळावा?

कळतो म्हणजे किती कळतो, त्याचा पुरावा देतो. हा या हकिकतीचा गाभा आहे.

१९९७ साली एका वाचक बाईने रॉबर्ट्सबाईंची ‘स्वीट रिव्हेंज’ वाचली आणि लगोलग जॅनेट डेली यांची ‘नोटोरियस’. वाचता वाचता तिला वाक्ये ओळखीची वाटू लागली. तिने दोन्ही पुस्तकांतले उतारे शेजारी शेजारी मांडून इंटरनेटवर टाकले. आणि बिंग फुटले. हार्लेक्विनची ती लाडकी, एकमेव अमेरिकन लेखिका रॉबर्ट्सबाईंच्या पुस्तकांतून मजकूर उचलत होती! डेलीबाईंनी कबुली दिली आणि कारण म्हणून आपल्या मानसिक त्रासाकडे बोट दाखवले. प्रकरण कोर्टात गेले, १९९८ साली तडजोड झाली. मिळालेली रक्कम रॉबर्ट्सबाईंनी साक्षरतेच्या कामाला देऊन टाकली.

आता नीट विचार करा. दोन्ही पुस्तके संपादकांच्या हाताखालून गेली होती. त्यांच्यावर पगार घेणारी माणसे बसली होती. त्यांतल्या कुणाला चोरी दिसली नाही. विद्यापीठातल्या पंडिताला दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच्या मते ही सगळी पुस्तके सारखीच! चोरी पकडली ती ‘असली पुस्तके’ वाचणाऱ्या बाईने. जिला एका पुस्तकातून दुसरे ओळखता येत नाही असे तुम्ही म्हणता, तिने वाक्यावरून लेखिका ओळखली. वाक्याची ठेवण, गोष्टीची चाल, हे अमकीचे आहे आणि तमकीच्या तोंडी शोभत नाही, हे तिने जाणले. याला आपण एरवी काय म्हणतो? रसिकता म्हणतो. घराणे ओळखणाऱ्या श्रोत्याला आपण कानसेन म्हणतो. मग या बाईला कानसेन म्हणायला जीभ का अडते?

‘सगळी सारखीच’ या वाक्याचा खरा लाभार्थी कोण, हेही इथे कळते. टीकाकाराला त्यातून फुकटचा मोठेपणा मिळतो एवढेच. खरा लाभ चोराचा. जिथे सगळे सारखेच असते तिथे चोरी कशी सिद्ध करणार? पितळेच्या बाजारात भांडे चोरीला गेले तर कोण ओरडणार? डेली प्रकरणानंतर बावीस वर्षांनी, २०१९ साली, हाच खेळ पुन्हा झाला. ब्राझीलमधल्या एका लेखिकेच्या पुस्तकांत अनेक लेखिकांचे उतारे जसेच्या तसे सापडले. रॉबर्ट्सबाईंनी ब्राझीलच्या कोर्टात दावा लावला. याही वेळी पकडले ते वाचकांनी आणि त्याच प्रांतातल्या लेखिकांनी. त्या बाईने भाडोत्री लेखकांवर खापर फोडले. दोन्ही वेळा चोराने धरून चाललेली गोष्ट एकच होती: या पुस्तकांकडे शहाणी माणसे लक्ष देत नाहीत. हा विश्वास त्यांना कुणी दिला? आपल्यासारख्या नाक वर करणाऱ्यांनीच दिला.

आता घरी येऊ. काकोडकर हे आडनाव ऐकले की आपल्याला कुडचडे-काकोडा आठवते. मराठीत चंद्रकांत काकोडकर म्हटले की मागच्या पिढीला आठवतात त्या वाचनालयात हातोहात फिरणाऱ्या, पाने सुटलेल्या कादंबऱ्या. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ छापून आली. पुण्यातल्या एका समाजसेवकाने ती अश्लील असल्याची तक्रार केली. सरकारी खात्यांनी वाचून सांगितले की यात अश्लील म्हणण्यासारखे काही नाही. तरी खटला उभा राहिला. पुण्याच्या न्यायाधीशांनी निर्दोष सोडले. मुंबई हायकोर्टाने तो निकाल फिरवून लेखकाला दोषी ठरवले. दंड किती? पंचवीस रुपये! शिवाय अंकाच्या शिल्लक प्रती नष्ट करण्याचा हुकूम. प्रकरण दिल्लीला गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काकोडकरांना मोकळे केले. तरुण वाचकांची मने या लेखनाने बिघडतील हे कोर्टाला पटले नाही. समाज बदलतो, तशी लेखक-कलावंतांना मोकळीकही मिळायला हवी, असा त्या निकालाचा सूर होता. अश्लीलतेच्या खटल्यांत वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘निलांबरी’ कादंबरीवर बेतलेला राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि देशभर चालला.

म्हणजे या लेखकाने मराठी साहित्याला काय दिले हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. पण लिहिण्याच्या स्वातंत्र्यासाठी पंचवीस रुपयांच्या दंडाविरुद्ध तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जिंकला. अविष्कारस्वातंत्र्यावर व्याख्याने झोडणाऱ्या आपल्या किती मंडळींच्या तोंडून काकोडकरांचे नाव ऐकले आहे? त्यांच्या कादंबऱ्यांची धड यादी तरी कुठल्या साहित्यसंस्थेने केली? तेही ‘असलेच’ लेखक, म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना पाहुण्याच्या पाटाऐवजी पडवी मिळाली.

यातली आणखी एक गंमत पाहा. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांविषयी आपली पुरुषमंडळी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. ‘आमचे बालपण’ म्हणतात. झुंजार आणि धनंजय यांची नावे अभिमानाने घेतात. तिथेही साचा होता, तिथेही शेवट ठाऊक होता, तिथेही पुस्तकांचा आकडा हजारात गेला होता. मग अर्नाळकर हे रम्य बालपण आणि प्रेमकथा तेवढी ‘असली पुस्तके’, हे कसे? उत्तर सोपे आहे. एक मुलगे वाचत होते, दुसरी मुली. मुलाने पिस्तुलाची गोष्ट वाचली तर तो वाचनाचा नाद, मुलीने प्रेमाची वाचली तर ते वळण बिघडणे. रॉबर्ट्सबाईंनी जे. डी. रॉब होऊन पोलीसकथा लिहिल्या तेव्हा सुरुवातीला हे कोण ते जाहीर केलेले नव्हते. हात तोच, टेबल तेच, बसण्याचे तास तेवढेच. फक्त मुखपृष्ठावरचे चुंबन गेले आणि प्रेत आले. तेवढ्याने एखाद्या पुरुष वाचकाला ते पुस्तक आगगाडीत उघडपणे हातात धरता येत असेल, तर प्रश्न साहित्याचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे.

याचा अर्थ या प्रकारातले सगळे सोने आहे असे मी म्हणत नाही. बरेचसे टाकाऊ असते. जुन्या मिल्स अँड बूनमधला उर्मट, वयाने मोठा, मनगट पिळणारा नायक आणि त्यालाच प्रेम समजणारी अजाण नायिका माझ्या मुलीने आदर्श मानलेली मला चालणार नाही. रॉबर्ट्सबाईंच्या पिढीने त्या नायिकेला नोकरी दिली, तोंडात उत्तर दिले, आणि नायकाच्या डोक्यात शिरून तोही घाबरतो हे दाखवले. सगळ्यांना ते साधले नाही, रॉबर्ट्सबाईंनाही प्रत्येक पुस्तकात साधले नाही. दोनशेहून अधिक पुस्तकांत पडेल ती असणारच. पण हे चांगले, ते वाईट, यात काही नवे आहे, यात शिळे ऊन करून वाढले आहे, हे सांगणार कोण? ते सांगणे हेच तर समीक्षकाचे काम होते! त्याने सगळ्यावर एकच पाटी लावली आणि तो मोकळा झाला. त्यामुळे चांगले लिहिणारीला शाबासकी नाही, वाईट लिहिणारीला दटावणी नाही आणि चोरी करणारीला भीती नाही. वाईट पुस्तके वाढतात ती अशा रानात. मग त्या रानाकडे बोट दाखवून तोच समीक्षक म्हणतो, पाहा, सगळे सारखेच!

गोव्यातले मराठी वाचक कमी होत चालले म्हणून आपण सभांतून गळा काढतो. पण वाचनाची गोडी लागते कशी? समग्र वाङ्मयाच्या खंडांनी लागत नाही. एखादे पुस्तक रात्री मिटवत नाही, दिवा मालवायला कुणी ओरडते, तरी दोन पाने अजून वाचावीशी वाटतात, तेव्हा लागते. जिने वयाच्या सोळाव्या वर्षी काकोडकर असे वाचले तीच पुढे वाचनालयाची वर्गणी चाळीस वर्षे भरते आणि आपल्यासारख्यांची चार पुस्तकेही घरी नेते. तिच्या पहिल्या पुस्तकाला नाक मुरडून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘असली पुस्तके’ म्हणाला की त्याला शांतपणे विचारा: कुठले पुस्तक, कुठले पान, कुठले वाक्य? उत्तर देता आले तर बसवून घ्या, चहा द्या, खुशाल भांडा. नाही आले तर समजा, की गृहस्थ टीका करत नाहीत, फक्त नाक वर करत आहेत. आणि नुसते नाक वर करायला पुस्तक वाचावे लागत नाही.